एका दिवसात किती मैदानं?

जानेवारीतल्या एखाद्या दुपारी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू स्टेडियममध्ये शिरलेला प्रेक्षक दिवेलागणीला बाहेर पडतो, तोवर त्याचे दोन सामने पाहून झालेले असतात. चार संघ, चार तालमींचे समर्थक, पेठापेठांतली ईर्षा, आणि हे सगळं बघायला त्याला जागेवरून हलावंही लागलेलं नसतं. त्याच शनिवारी इंग्लंडमधल्या शेफील्डसारख्या शहरातला फुटबॉलवेडा मात्र पेचात असतो. तासाभराच्या अंतरात त्याला कितीतरी लहान मैदानं आहेत, त्यांतल्या बऱ्याच मैदानांवर त्या दिवशी सामना आहे, तरी पाहून होतो एकच.

जिथे मैदानांची रेलचेल, तिथे सामना एक. जिथे मैदान एक, तिथे सामने दोन. हे उलटं गणित सुटतं ते तीन प्रश्नांनी: मैदान कोणाचं आहे, प्रेक्षकाला सुट्टी कधी असते, आणि ती जमीन दिवसाला किती खेळ सोसते?

हे प्रश्न ज्यांना दर आठवड्याला पडतात अशी एक जमातच युरोपात आहे. त्यांच्या छंदाला ग्राउंडहॉपिंग म्हणतात. एखाद्या मैदानावर प्रत्यक्ष सामना पाहायचा, त्याची नोंद ठेवायची आणि पुढच्या मैदानाकडे निघायचं, असा हा छंद. इंग्लंडच्या वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब आहेत. या सगळ्यांच्या मैदानांवर सामना पाहिलेल्यांसाठी ‘द ९२ क्लब’ सुरू झाला. पण अस्सल छांदिष्टांचा जीव रमतो तो त्या ९२ च्या खाली, नॉन-लीग फुटबॉलमध्ये.

शिडी आणि तिच्या पायऱ्या

इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ क्लबांनी मिळून ‘फुटबॉल लीग’ सुरू केली. त्या लीगच्या बाहेर राहिलेलं सगळं फुटबॉल नॉन-लीग ठरलं. पुढे लीग वाढली, तिच्यातून प्रीमियर लीग निघाली, पण नाव टिकलं. आज वरच्या चार विभागांखाली, पाचव्या पायरीवर नॅशनल लीग आहे. सहाव्या पायरीवर उत्तर आणि दक्षिण असे दोन गट, सातव्यावर चार, आठव्यावर आठ, नवव्यावर सोळा. शिडी खाली उतरते तशी रुंद होत जाते, आणि याचं कारण प्रवासखर्च आहे. खालच्या पायरीवरचे खेळाडू आठवडाभर नोकरी करतात. त्यांना सामन्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवणं परवडत नाही, म्हणून गट लहान टापूंचे केले जातात.

वर्षअखेरीस जिंकणारा संघ एक पायरी चढतो आणि हरणारा उतरतो. १९८७ पासून पाचव्या पायरीच्या विजेत्याला थेट वरच्या लीगमध्ये जाता येऊ लागलं; २००३ पासून तिथून दोन संघ वर जातात.

भारतातली शिडी बरीच अलीकडची. २०२२-२३ ची आय-लीग जिंकून पंजाब एफसी पुढच्या मोसमात आयएसएल या सर्वांत वरच्या लीगमध्ये गेला, आणि खेळाच्या जोरावर तिथवर पोचलेला तो पहिला संघ ठरला. २०२३ मध्ये आय-लीग ३ सुरू झाली. तिच्याखाली राज्यांच्या लीग, आणि त्यांच्याखाली जिल्ह्यांच्या. कोल्हापूरच्या तालमी, गोव्यातल्या गावांचे क्लब, मुंबईतले बँकांचे संघ हे सगळे या खालच्या पायऱ्यांवरचे. नॉन-लीग हे नाव आपल्याकडे कोणी वापरत नाही, पण त्या फुटबॉलचा पोत पाहायचा तर तो इथेच दिसतो.

तीनचा ठोका

इंग्लंडमधले बहुतेक शनिवारचे सामने दुपारी तीनला सुरू होतात. या वेळेची पाळंमुळं कापडगिरण्यांत आहेत. १८५० च्या कारखाना कायद्याने गिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. त्यांच्याशिवाय यंत्रं चालेनात, म्हणून पुरुषांनाही सुट्टी मिळू लागली. दोनला भोंगा, घरी जेवण, आणि तीनच्या सुमारास मैदान. फुटबॉलला प्रेक्षक मिळाला तो या मोकळ्या दुपारीमुळे.

मुंबईच्या गिरण्यांत अशी मोकळीक बरीच उशिरा आली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. कामगाराला हक्काची दुपार मिळेपर्यंत खेळाला त्याची गर्दी लाभत नाही. मैदानाचा इतिहास कारखान्याच्या हजेरीपटापासून सुरू होतो, तो असा.

तीनची वेळ पुढे पक्की केली ती टीव्हीने. मोठ्या संघांचे सामने घरबसल्या दिसू लागले तर लहान क्लबांच्या तिकीटखिडकीवर कोण फिरकणार, या धास्तीने १९६० च्या दशकात इंग्लंडने नियम केला. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात देशात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करायचं नाही. सहाव्या-सातव्या पायरीवरच्या क्लबसाठी दारावर जमणारे पैसे म्हणजे पंचांचं मानधन, गवत कापायचं यंत्र आणि विजेचं बिल. हा नियम त्या पैशांभोवती घातलेलं कुंपण आहे.

पेच सुरू होतो तो इथेच. एकाच मुहूर्तावर गावातल्या सगळ्या मंगल कार्यालयांत लग्नं लागत असतील, तर पाहुण्याला अक्षता एकाच ठिकाणी टाकता येतात. इंग्लंडमधल्या शनिवारचं असंच होतं. प्रत्येक क्लबचं स्वतःचं मैदान आहे आणि सगळ्यांचा मुहूर्त तीनचा.

यातून वाट काढली ती खालच्या लीगनीच. वर्षातल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारचे क्लब आपसांत ठरवून वेळा पुढेमागे करतात. एक सामना सकाळी अकराच्या सुमारास, दुसरा दुपारी, तिसरा संध्याकाळी, चौथा दिव्यांच्या उजेडात. दोन सामन्यांमध्ये पुढच्या मैदानावर पोचण्याइतका वेळ सोडलेला असतो. लांबून आलेल्या प्रेक्षकांमुळे एरवी रिकाम्या राहणाऱ्या मैदानावर गर्दी होते आणि चहा-नाश्ता विकून क्लबच्या हाती चार पैसे येतात. २०१० पासून ‘नॉन-लीग डे’ही साजरा होतो. देशांच्या संघांचे सामने असल्याने वरचे दोन विभाग ज्या आठवड्यात विश्रांती घेतात, त्या शनिवारी लोकांनी जवळच्या लहान मैदानावर जावं, असं आवाहन त्या दिवशी केलं जातं.

शेफील्डचा उल्लेख सुरुवातीला आला तो उगाच नाही. तिथल्या सँडीगेट रोडवरच्या मैदानावर २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम आणि शेफील्ड हे दोन क्लब एकमेकांशी खेळले. जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून ते ओळखलं जातं, आणि हॅलम क्लब आजही तिथेच, शिडीच्या खालच्या भागात खेळतो. मैदानाला नजरेत भरेल असा उतार आहे. नाणेफेक जिंकणाऱ्या कर्णधाराला वाऱ्याबरोबर उताराचाही विचार करावा लागतो. मोठ्या स्टेडियममध्ये पुसून टाकलेल्या अशा खुणा खालच्या पायऱ्यांवर शाबूत असतात.

कोल्हापूर: संघ तालमीचा, मैदान सगळ्यांचं

कोल्हापूरचा हिशेब मुळातच वेगळा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संयुक्त जुना बुधवार पेठ: ही नावं वाचली की दिसतं, इथला संघ मैदानाभोवती उभा राहिलेला नाही. तो तालमीभोवती उभा राहिला. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती इथे घराघरांत पोचली. १९१२ मध्ये खासबाग मैदान झालं. तालीम म्हणजे कसरतीची जागा तर होतीच, शिवाय पेठेतल्या पोरांचा अड्डा, गणपतीचं मंडळ आणि अडीअडचणीला धावणारी माणसंही तिथलीच. फुटबॉल आला तेव्हा त्याला नवी संघटना शोधावी लागली नाही, ती आयती मिळाली.

तालमीकडे माणसं होती, पण सव्वाशे यार्डांचं मैदान कुठून आणणार? ते शहराने एकत्र मिळवलं. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, स्थापन झाली. पुढे रावणेश्वर तळ्याच्या जागेवर शाहू स्टेडियम उभं राहिलं. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचं शहर होतं. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली. 

स्टेडियम एक आणि वरिष्ठ गटातले संघ सोळा, म्हटल्यावर सामने एकापाठोपाठ एक लावण्यावाचून इलाज नाही. एका सामन्याला पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव, पंधरा मिनिटांची विश्रांती आणि वाया गेलेल्या वेळेची भरपाई धरून दोन तास लागतात. डिसेंबरात कोल्हापूरचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. उजेडातच खेळ उरकायचा तर पहिला सामना दुपारी दोनच्या आत-बाहेर आणि दुसरा चारला सुरू व्हावा लागतो. दिवसाला दोन सामने, हे गणित असं सूर्याने घालून दिलंय.

एकाच मैदानाचा दुसरा परिणाम गॅलरीत दिसतो. इंग्लंडमध्ये यजमान संघाचे समर्थक बहुसंख्य असतात, पाहुण्यांचे मूठभर. शाहू स्टेडियमवर कोणीच पाहुणा नसतो. दोन्ही तालमींचे लोक चालत, फार तर दुचाकीवर येतात आणि समोरासमोरच्या गॅलऱ्या भरतात. पहिल्या सामन्याचे प्रेक्षक दुसऱ्यालाही थांबतात, कारण पुढच्या फेरीतला प्रतिस्पर्धी तिथेच ठरणार असतो. चुरस हातघाईवर आल्याचे आणि सामना थांबवावा लागल्याचे प्रसंगही घडले आहेत. ज्या जवळिकीमुळे गॅलरी भरते, तीच कधी डोकंही तापवते, म्हणून मोठ्या सामन्याला पोलीस बंदोबस्त ठरलेला.

लीग संपली की बाद फेरीच्या स्पर्धा सुरू होतात. पेठेतली मंडळं, स्थानिक नेते आणि व्यापारी त्या भरवतात, रोख बक्षिसं लावतात. तिकिटं, जाहिराती आणि देणग्या यांवर तालमीचा वर्षाचा खर्च निघतो, आणि अलीकडे काही संघ परराज्यांतले आणि आफ्रिकी खेळाडूही आणतात. वळवाचा जोर वाढून मैदान ओलं व्हायला लागलं की मोसम आवरतो.

गवत किती सोसतं?

मैदान एक, तर मग दिवसाला चार सामने का नाहीत? उजेड हे एक कारण झालं. दुसरं पायाखाली आहे.

गवताच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत असते. बुटांच्या खिळ्यांखाली माती दबत जाते, पोकळ्या मिटतात, मुळं गुदमरतात. सगळ्यांत आधी गोलपोस्टसमोरचा पट्टा टकला होतो, कारण गोलरक्षक दोन्ही डाव तिथेच उड्या मारतो आणि प्रत्येक कॉर्नरला वीसेक खेळाडू तिथेच गर्दी करतात. ओल्या मातीत हे नुकसान कितीतरी पटींनी वाढतं. म्हणून पावसात सामना रद्द करणारा अधिकारी खेळाडूंच्या कपड्यांची काळजी करत नसतो. त्याला पुढचे दोन महिने डोळ्यांसमोर दिसत असतात.

कृत्रिम हिरवळ या बंधनातून सुटका करते. प्लॅस्टिकची पाती उभी राहावीत आणि पाय पडल्यावर दणका कमी बसावा म्हणून त्यांत वाळू आणि रबराचे दाणे भरतात. तिच्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत खेळता येतं. सकाळी मुलांचं प्रशिक्षण, दुपारी लीग, रात्री भाड्याने खेळणारे हौशी गट. लहान क्लबसाठी ते उत्पन्नाचं साधन ठरतं.

पण शिडीचे नियम इथे आडवे येतात. लंडनच्या दक्षिणेचा सटन युनायटेड हा पाचव्या पायरीवरचा क्लब गँडर ग्रीन लेन या आपल्या मैदानावर कृत्रिम हिरवळीवर खेळायचा. २०२१ मध्ये विजेतेपद मिळवून तो इतिहासात पहिल्यांदाच फुटबॉल लीगमध्ये पोचला. वरच्या लीगला नैसर्गिक गवतच लागतं. परिणामी, ज्या हिरवळीवर तो संघ वर चढला, तीच उखडून त्याला गवत लावावं लागलं.

शिडीवर अशी अट प्रत्येक पायरीला असते. दिवे हवेत, मैदानाभोवती कठडा हवा, प्रेक्षकांना उभं राहायला पक्की जागा हवी, छताखाली अमुक इतक्या खुर्च्या हव्यात. खेळात जिंकूनही मैदान अटीत बसलं नाही तर बढती हुकू शकते. भारतातही वरच्या लीगसाठी क्लबला परवाना घ्यावा लागतो आणि त्यात स्टेडियमची तपासणी येते. कोल्हापूरच्या तालमीला उद्या राष्ट्रीय पायरी चढायची झाली, तर अकरा खेळाडूंपेक्षा मोठा प्रश्न ‘आमचं मैदान’ म्हणून कोणतं दाखवायचं, हा असेल.

गोवा: मैदान गावाचं

एका दिवसात खरोखर मैदानामागून मैदान पाहायचं असेल, तर आपल्या भागात त्यासाठी गोव्यासारखी जागा नाही. १८८३ मध्ये विल्यम लायन्स नावाचे पाद्री प्रकृतीला आराम पडावा म्हणून शिवोलीला आले आणि त्यांनी तिथल्या मुलांना फुटबॉल शिकवला, अशी तिथली परंपरा सांगते. शाळा आणि चर्च यांच्याबरोबर खेळ गावोगाव गेला. गावची जमीन सामायिक ठेवणारी कोमुनिदादची पद्धत आणि चर्चसमोरचं पटांगण, यामुळे मैदानासाठी कोणाला झगडावं लागलं नाही. शिवाय सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी झाली की वाळलेली शेतं मुलांच्या ताब्यात येतात. दोन बांबू रोवले की गोल तयार.

त्यामुळे इथे एकच स्टेडियम सगळा भार उचलत नाही. म्हापशाजवळचं धुळेर, जुन्या गोव्यातलं एला, सासष्टीतली राय, नागोवा, उतोर्डा अशी मैदानं राज्याच्या लीगचे सामने घेतात, आणि वास्कोचं टिळक मैदान, मडगावचं फातोर्डा मोठ्या सामन्यांसाठी आहेतच. अंतरं लहान. पण दुपारच्या उन्हामुळे बरेच सामने चारच्या सुमारास सुरू होतात, आणि इंग्लंडचा पेच इथे वेगळ्या कारणाने उभा राहतो. तिथे गिरणीचा भोंगा, इथे ऊन.

गोव्यातल्या मोठ्या क्लबांना बळ दिलं खाणमालकांनी. धेंपो, साळगावकर, सेसा ही नावं खाणींच्या आणि फुटबॉलच्या दोन्ही बातम्यांत असायची. धेंपो क्लबने पाच वेळा देशाची लीग जिंकली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. २०१६ मध्ये देशाच्या फुटबॉल महासंघाच्या फेररचनेच्या आराखड्यावर नाराज होऊन धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. वरचा मजला असा हादरला, तरी गावातल्या मैदानांवरचे सामने चालू राहिले. ती मैदानं मुळात कंपनीच्या पैशावर उभी नव्हती.

मुंबई आणि दिल्ली: मैदान नोंदवून मिळतं

मुंबईत संघ तालमीचाही नसतो आणि गावाचाही. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, बँका, रेल्वे अशा कचेऱ्यांनी आणि गिरण्यांनी इथलं फुटबॉल पोसलं. खेळाडूला नोकरी मिळे आणि कंपनीला नाव. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड याच घडणीचा. कंपनीने ठरवलं आणि २०१० मध्ये तो बंद झाला. या संघांची स्वतःची मैदानं फारशी नव्हती. जागा इतकी महाग, की सामने कूपरेज, वांद्र्याचं नेव्हिल डिसोझा मैदान अशा मोजक्या ठिकाणी लागोपाठ लावावे लागतात. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कपने गाजवलेल्या कूपरेजवर २०१६ मध्ये मुंबई एफसी आय-लीग खेळला, ती कृत्रिम हिरवळीवर.

ज्यांच्या नावाचं मैदान वांद्र्यात आहे, त्या नेव्हिल डिसोझांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. त्या स्पर्धेत भारत चौथा आला.

दिल्लीत सगळ्यांच्या सामायिक मैदानाची भूमिका महापालिकेचं आंबेडकर स्टेडियम बजावतं. सिमल्यात १८८८ मध्ये सुरू झालेला ड्युरँड कप १९४० मध्ये दिल्लीत आला. याच स्टेडियमवर भारताने २००७ आणि २००९ चा नेहरू कप जिंकला, आणि याच गवतावर शहराच्या लीगमधले संघही खेळत आले.  ऐन हंगामात दिल्ली गेटजवळच्या या स्टेडियमपाशी चौकशी केली, तर एखादा सामना गाठता येतो.

चौकट: एका नजरेत

- इंग्लंड: मैदान क्लबचं. वेळ बहुतेकांची एकच, शनिवारी दुपारी तीन. वेळा मुद्दाम पुढेमागे केलेल्या दिवशीच अनेक मैदानं पाहता येतात.
- कोल्हापूर: मैदान सगळ्यांचं, संघ तालमीचे. मोसम साधारण डिसेंबर ते पावसाच्या तोंडापर्यंत. शाहू स्टेडियमवर दुपारी दोन सामने.
- गोवा: मैदान गावाचं. अंतरं कमी, पण सामने बहुधा संध्याकाळी. सकाळी मुलांच्या स्पर्धा आणि चारला लीग, अशी जोडी जमवावी.
- मुंबई: मैदान नोंदवून मिळतं. पश्चिम रेल्वेने चर्चगेटला उतरून कूपरेज, मग वांद्रे. सामने लागोपाठ असल्याने एका दिवसात दोन्ही होतात.
- सामन्याला लागणारा वेळ: दोन तास धरावा. दोन मैदानांतल्या प्रवासाला वेगळा तास ठेवावा.
- निघण्यापूर्वी: खालच्या पायऱ्यांवरचं वेळापत्रक पाऊस, परीक्षा आणि सणांप्रमाणे बदलतं. आदल्या संध्याकाळी संघटनेकडे खात्री करून घ्यावी.